‘सोड’: एका शिकाऊ खलाशाच्या उजव्या बुटाचं प्रकरण

प्रकरण असं. २०१८ च्या नोव्हेंबरात, काकिनाड्याहून तांदळाच्या गोणी भरून पश्चिम आफ्रिकेला गेलेल्या एका बल्क कॅरिअर जातीच्या मालवाहू जहाजावर, जहाज धक्क्याला लागत असताना, फोकसलवर, म्हणजे पुढच्या टोकाच्या डेकवर, एका शिकाऊ खलाशाचा उजवा पाय दोराच्या वेढ्यात सापडला. घोट्याचे स्नायुबंध फाटले, टाचेची कातडी गेली, हाड शाबूत राहिलं. पायातला बूट दोराबरोबर गेला. कंपनीच्या कागदांत ‘किरकोळ इजा’ एवढीच नोंद आहे आणि कागदांच्या हिशेबानं ती बरोबरही आहे.

मी त्या जहाजावर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होतो. त्या पोराला त्या जागी मीच उभं केलं होतं आणि ऐन वेळी जो शब्द ओरडलो तोही माझाच होता. आता नवी मुंबईकडच्या एका प्रशिक्षण संस्थेत रेटिंगच्या, म्हणजे खलाशी होऊ पाहणाऱ्या, मुलांना दोर आणि डेक शिकवतो, तेव्हा हे प्रकरण दर बॅचला सांगावं लागतं. तोंडी सांगताना प्रत्येक वेळी मी थोडा थोडा शहाणा होत चाललोय असं लक्षात आलं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. जहाज, कंपनी, बंदर आणि मुलगा, कुणाचंच नाव देत नाही.

पोरगा

हर्णैच्या आसपासच्या एका गावचा. बाप तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा म्होरक्या, पण घरची बोट नाही; दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेलकी. पोरगा नववीपासून सुट्टीत बोटीवर जायचा, दहावीनंतर दोन हंगाम पूर्णच गेला. मग आईनं हट्ट धरला की आता मोठ्या बोटीवर जायचं, पगाराच्या. आमच्या किनाऱ्याला हे नवं नाही. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या काळापासून रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं डेकवर काम करत आलीत. सारंग आणि टंडेल हे जहाजावरचे हुद्देच होते. माझे आजोबा त्यातलेच, पण तो विषय वेगळा.

जीपी रेटिंगचा, म्हणजे डेक आणि इंजिन दोन्हींकडच्या खलाशाचा, कोर्स सहा महिन्यांचा, निवासी. दहावीला गणित, विज्ञान आणि इंग्रजी लागतं, वय साडेसतरा ते पंचवीस, आणि डोळ्यांना रंग नीट दिसायला हवेत. लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्याला रात्री समोरच्या जहाजाचे दिवे वाचता येत नाहीत, त्यामुळे तिथं तडजोड नाही. कोर्समध्ये आग विझवणं, पाण्यात जीव वाचवणं, प्रथमोपचार वगैरे एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण कराराचे मूलभूत कोर्स, बाकी दोरकाम, रंगकाम, सुकाणूचे हुकूम, इंजिनरूमची तोंडओळख. शेवटी एक्झिट परीक्षा, मग सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक. सीडीसी हातात पडली की घरचे पेढे वाटतात. खरी वाट तिथून पुढं सुरू होते.

हा पोरगा चौदा महिने घरी बसला. सीडीसी असलेली मुलं ढीगभर आणि शिकाऊ खलाशाच्या जागा मोजक्या, म्हणून मधे एजंट उगवतात. याच्याकडेही एक आला होता, बेलापूरला ऑफिस आहे म्हणायचा, लाखांत पैसे मागत होता. कायदा साफ आहे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेताच येत नाहीत. मेडिकल, पासपोर्ट आणि सीडीसीचा खर्च तेवढा खलाशाचा. एमएलसी या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात हे लिहिलंय आणि भारतानं तो २०१५ मध्ये मान्य केलाय. भरती करणाऱ्याकडं डीजी शिपिंग या सरकारी खात्याचं आरपीएसएल, म्हणजे भरतीचं, लायसन्स असावं लागतं, आणि त्याचा नंबर कुणालाही तपासता येतो. बापानं नंबर मागितला, तेव्हा एजंटानं फोन उचलणं बंद केलं. तांडेल माणूस, कागदापेक्षा माणसाचा चेहरा वाचणारा. त्यानं कागद मागितला हे विशेष.

शेवटी सरळ मार्गानं नंबर लागला. जूनच्या पहिल्या आठवड्यात सिंगापूरला तो जहाजावर चढला, ट्रेनी ओएस, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा शिकाऊ खलाशी, म्हणून. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ‘बोसन साब’ आणि एकट्यात ‘काका’ हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं.

हात चांगला असण्याचा तोटा

शिकाऊ मुलाच्या पहिल्या महिन्याचं एक साधारण वेळापत्रक असतं. चिपिंग हॅमरनं गंज ठोकणं, वायरब्रश, रेड ऑक्साइड, झाडू, बादली. बोलाइन बांधायला सांगितली की चार मुलांतली तीन मुलं संस्थेत शिकवलेलं गाणं मनात म्हणत गाठ मारतात. हा बोलत बोलत मारायचा, पाठीमागं हात नेऊन, न बघता. आठ लडींच्या मुरिंग दोराला, म्हणजे जहाज धक्क्याला बांधायच्या दोराला, डोळा (टोकाचा फासा) घालायचा होता, तर मी एकदा दाखवलं आणि दुसऱ्या टोकाचा त्यानं घातला. हिव्हिंग लाइन, म्हणजे धक्क्यावर फेकायची बारीक दोरी, फेकायची त्याची पद्धत बोटीवरची होती, खांद्यावरून न फेकता कमरेतून, आणि ती पुस्तकातल्यापेक्षा लांब जायची. एबी, म्हणजे अनुभवी खलाशी, कौतुक करायचे. चीफ ऑफिसर म्हणाला, ‘ये तो पैदाइशी सीमन है.’ मलाही छाती फुगल्यासारखं झालं, आपल्या किनाऱ्याचा म्हणून.

इथंच पहिली चूक झाली. गाठी येणं आणि मुरिंग येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटीवरचा दोर करंगळीएवढा असतो, फार तर अंगठ्याएवढा. त्याला ताण येतो तो माणसाच्या मापाचा. दोर सुटायला लागला तर जो जवळ असेल तो झडप घालतो, तळव्यात धरतो, पायाखाली दाबतो, आणि दोर थांबतो. ज्याचा हात आधी पोचला तो चांगला खलाशी. लहानपणापासून बापाच्या शिव्या खाऊन अंगात मुरलेली ही गोष्ट आहे. विचार करायच्या आधी हात जातो.

आमच्या फोकसलवरचा दोर ६४ मिलिमीटर जाडीचा पॉलिप्रॉपिलिनचा, २२० मीटरची गुंडाळी, तुटायला पन्नास टनांच्या आसपास ताण लागणारा. त्याच्या दुसऱ्या टोकाला पन्नास हजार टन माल वाहणारं जहाज. ते जहाज हातभर सरकलं तरी तो दोर कुणाच्या तळहाताला विचारत नाही. मोठ्या जहाजावर सुटलेल्या दोरापासून जो आधी लांब जातो तो चांगला खलाशी. म्हणजे या पोराच्या अंगात जे सगळ्यात पक्कं होतं, तेच इथं उलटं करायला हवं होतं.

आमच्याकडं बीडची, साताऱ्याच्या माण खटावची, उत्तर प्रदेश बिहारची मुलं येतात. समुद्र टीव्हीवर पाहिलेला. ती पहिल्या दिवशी दोर ताणला की घाबरून चार पावलं मागं जातात, आणि मागं गेल्याबद्दल त्यांची चेष्टा होते. चेष्टा करणारा बहुधा किनाऱ्याचा पोरगा असतो. मी पूर्वी त्या चेष्टेत हसायचो.

दुसरी गोष्ट मला खूप उशिरा दिसली. त्याच्या टार बुकात, म्हणजे प्रशिक्षणाच्या नोंदवहीत, मुरिंगच्या कामापुढं सह्या होत्या. माझी होती, चीफ ऑफिसरची होती. पण जून ते नोव्हेंबर मोजलं तर जहाज धक्क्याला सहाच वेळा लागलं होतं. शेवटचं लागलं त्याला दोन महिने झाले होते. काकिनाड्याला आम्ही नांगरावरच उभे राहिलो. गोण्या बार्जमधून आल्या. तिथून केप ऑफ गुड होपला वळसा. दोन महिने त्या हातांना मुरिंगचा दोर लागलेलाच नव्हता, आणि पोरगा कामाला तयार आहे असं आमच्या मनात मात्र ठसलं होतं.

ती सकाळ

गिनीच्या आखातात त्या वर्षी चाच्यांचा त्रास वाढलेला. धक्का रिकामा व्हायची वाट बघत आम्ही किनाऱ्यापासून खूप लांब तरंगत होतो. कठड्यावर काटेरी रेझर वायर, रात्री दुप्पट पहारा. पोरगा बारा ते चारच्या पहाऱ्यावर, दुपारी आणि मध्यरात्री.

आदल्या दिवशी सकाळी आठ ते बारा वायरीचं काम, बारा ते चार पहारा, मग झोप आणि जेवण, मध्यरात्री बारा ते चार पुन्हा पहारा. पहाटे साडेपाचला मी त्याला उठवलं, कारण जहाज बंदरात नेणारा पायलट यायच्या आधी धक्क्याकडच्या बाजूची रेझर वायर काढायची होती. नियम असा की चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, ती फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा किमान सहा तासांचा. सात दिवसांत सत्याहत्तर तास. त्याची विश्रांती संध्याकाळी चार ते मध्यरात्री बारा आणि पहाटे चार ते साडेपाच, म्हणजे साडेनऊ तास झाली. विश्रांतीच्या तक्त्यात साडेपाचचे सहा झाले आणि दहा तास भरले. अर्धा तास. यात कुणी कट केला नव्हता. तक्ता भरणारा दमलेला होता आणि त्याला रकाना हिरवा हवा होता.

रेझर वायर काढताना पोराच्या डाव्या हातमोज्याची दोन बोटं फाटली. बुटांचं वेगळंच. त्याचा नंबर आठ. स्टोअरमध्ये आठ संपलेले, म्हणून जूनपासून तो नऊ नंबरचे सेफ्टी बूट घालत होता, आत दोन मोजे. मी दोनदा मागणी लिहिली होती. लांब बुटात पाय घोळतो म्हणून तो नाडी घोट्यापर्यंत न बांधता वरच्यावर गुंडाळायचा. हे मी पाहिलं होतं आणि रागावलोही होतो.

फोकसलवर नेहमी चीफ ऑफिसर, मी, दोन एबी आणि ट्रेनी. त्या दिवशी एक एबी सुकाणूवर, आणि दुसऱ्याला समुद्राच्या बाजूला पहाऱ्याला लावलेलं, कारण त्या किनाऱ्यावर लपून चढणारे लोक असतात. उरला तूतुकुडीचा एक एबी, मी विंचच्या दांड्यावर, चीफ ऑफिसर कठड्याशी वॉकीटॉकी घेऊन. स्टॉपर कोण मारणार? मी पोराकडं बोट केलं. चीफ ऑफिसरनं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, त्यानंही हलवली. एवढ्यावर निर्णय झाला.

ज्यांनी डेक पाहिला नाही त्यांच्यासाठी स्टॉपर म्हणजे काय ते सांगतो. दोर विंचच्या ड्रमवर चार वेढे घेऊन ताणतात. ताणून झाला की तो ड्रमवरून काढून बिटवर, म्हणजे डेकवरच्या दोन जाड लोखंडी खुंटांवर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गुंडाळायचा असतो. ड्रमवरून काढून बिटवर टाकेपर्यंतच्या काही सेकंदांत दोराला धरणार कोण? त्यासाठी डेकला बांधलेला एक बारीक दोर, दोन पायांचा. ते दोन पाय मोठ्या दोरावर खालून वरून एकमेकांना ओलांडत गुंफायचे आणि टोकं पिळून हातात धरायची. विंच हळूच मागं सोडला की सगळा भार या स्टॉपरवर येतो. तेवढ्या अवधीत दुसऱ्यानं चपळाईनं दोर बिटवर टाकायचा. त्या अवधीत ड्रम आणि बिट यांच्यामधला ढिला दोर डेकवर सापासारखा पडलेला असतो. मुरिंगमधली सगळ्यात वाईट जागा ती.

बंदराची भिंत होती, पण दक्षिण अटलांटिकची लांब लाट भिंतीला वळसा घालून आत येते. पाणी वरून गुळगुळीत, आणि जहाज मात्र धक्क्याला समांतर पुढं मागं सरकतं, दम घेतल्यासारखं. पुढची स्प्रिंग, म्हणजे जहाजाला पुढं मागं सरकू न देणारा दोर, पहिली गेली. ताणली. पोरानं स्टॉपर मारला, सुंदर मारला. मी विंच मागं सोडला, भार स्टॉपरवर आला, एबीनं ड्रमवरून वेढे काढले आणि बिटवर पहिला वेढा टाकला.

तेवढ्यात जहाजानं पुढं दम घेतला.

स्टॉपर करकरला. मग दोर त्यातून घसरायला लागला, आधी इंच इंच. पॉलिप्रॉपिलिन घासलं की त्याला जळक्या प्लास्टिकचा वास येतो, निळसर भुसा उडतो. एबी हात काढून मागं उडाला. आणि पोरगा पुढं गेला. स्टॉपरची टोकं टाकून त्यानं घसरता दोर दोन्ही हातांनी धरला आणि उजवा पाय दोरावर ठेवला. डेकवरचा ढिला भाग त्याच्या घोट्याभोवती होता.

मी ओरडलो, ‘सोड! सोड!’

आणि त्यानं ऐकलं. हे मला आजही पुन्हा पुन्हा दिसतं. त्यानं माझं ऐकलं. बोटीवर तांडेल ‘सोड’ म्हणतो तेव्हा खलाशी दोर हातातून सोडतो, हळूहळू, एकेक हात, ताण न तोडता. तो तेच करायला लागला. चेहऱ्यावर घबराट नव्हती, काम चाललंय असा चेहरा होता. मला म्हणायचं होतं, टाकून दे आणि पळ.

पुढचं दोन सेकंदांचं. स्टॉपर तुटला, ढिल्या दोराचा वेढा घोट्यावर आवळला, पोरगा पाठीवर आपटला आणि बिटच्या दिशेनं दोनेक मीटर घसरत गेला. मग पाय बुटातून निघाला. मोजे फाटून, टाच सोलून, पण निघाला. बूट वेढ्यातच बिटवरून उडत फेअरलीडच्या, म्हणजे दोर जहाजाबाहेर जायच्या खाचेच्या, रोलरपर्यंत गेला आणि तिथं चेपून अडकला. दोर त्याच्यावरून आणखी बराच वेळ धावत राहिला. चीफ ऑफिसरनं ब्रिजला सांगितलं, टगनं धरलं, जहाज पुन्हा मागं सरकलं आणि दोर मेल्यासारखा ढिला पडला.

तो उठून बसला आणि पहिलं काय बोलला, तर, ‘काका, दोर गेला.’

चौकशी

कंपनीचा फॉर्म होता, त्यात कारणांचे रकाने. भरले गेले ते असे: सुरक्षासाधनं योग्य मापाची नाहीत, देखरेख अपुरी, धोक्याचं मूल्यांकन पुरेसं नाही, स्टॉपर जुना. चौथं शंभर टक्के खरं. तो स्टॉपर कधीच फेकायला हवा होता. पहिल्या रकान्यापाशी मात्र मी अडलो. बूट योग्य मापाचा असता, नाडी नियमाप्रमाणे आवळलेली असती, तर पाय बुटासकट रोलरपर्यंत गेला असता. हे मी कॅप्टनला म्हटलं. तो म्हणाला, ‘बोसन, मग काय लिहू? मोठे बूट द्या म्हणून?’ काही लिहिलं नाही. पुढच्या बंदरात आठ नंबरचे सहा जोड आले.

दुसरा घोळ पिवळ्या रेषांचा. आमच्या फोकसलवर स्नॅपबॅकचे पट्टे रंगवलेले होते, दोर तुटला तर चाबकासारखा कुठून फिरेल ते दाखवणारे. चौकशीत विचारलं, मुलगा पट्ट्याच्या आत होता की बाहेर? बाहेर होता. पट्टे दोर तुटण्याच्या हिशेबानं काढलेले. इथं दोर तुटला नाही, धावला. धावणाऱ्या दोराचा धोका वेढ्यात असतो आणि वेढा कुठं पडेल ते रंगवून ठेवता येत नाही. ब्रिटिश खलाशांसाठीच्या सुरक्षित कामपद्धतीच्या संहितेनं २०१५ मध्येच सांगितलं होतं की असे पट्टे रंगवू नका, त्यानं बाहेर उभ्या माणसाला खोटा धीर येतो. सगळा मुरिंग डेकच धोक्याचा समजा. आमच्या जहाजावर ते पुस्तक होतं. ब्रिजवर, कपाटात.

त्याच २०१५ च्या मार्चमध्ये वेल्समधल्या मिलफोर्ड हेवनला ‘झारगा’ या एलएनजी जहाजावर दोर तुटून पुढच्या स्टेशनवरच्या अधिकाऱ्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली होती. तो दोर अशा जातीचा की तुटला तरी फटकारत नाही असा समज होता. त्याला जोडलेल्या ताणल्या जाणाऱ्या शेपटानं, म्हणजे टोकाच्या लवचिक दोरानं, तो समज खोटा ठरवला. अशा प्रकरणांनंतर सोलास या जहाज सुरक्षेच्या करारातला मुरिंगचा नियम बदलला आणि १ जानेवारी २०२४ पासून दोरांची तपासणी, नोंदी, बदलण्याचे निकष हे सगळं बंधनकारक झालं. उशीर झाला, पण झालं. आता एखाद्या जहाजावर त्या दिवशीसारखा स्टॉपर दिसला, तर निदान बोट दाखवायला कागद आहे.

‘सोड’ हा शब्द मात्र कुठल्याच रकान्यात बसला नाही. मी चीफ ऑफिसरला सांगितलं तेव्हा तो पंजाबी माणूस क्षणभर थांबून म्हणाला, ‘मैं भी “छोड़” ही बोलता.’ खरंय. हिंदीतही तोच घोळ. आमच्या जहाजावर कामाची भाषा इंग्रजी असा नियम होता, आणि संकटात माणूस आईच्या भाषेत ओरडतो. समोरचा आपल्याच भाषेचा असेल तर जास्तच. तूतुकुडीच्या एबीला मी ‘क्लिअर’ म्हणालो असतो, कारण त्याच्याशी दुसरी भाषाच नव्हती. आणि तो न ओरडताच मागं उडाला होता.

जहाजावर आम्ही एवढं केलं की माणसासाठी आणि दोरासाठी वेगळे शब्द ठरवले. दोरासाठी ‘हिव्ह’ (ओढ), ‘स्लॅक’ (ढिला कर), ‘होल्ड’ (धर). माणसासाठी एकच, ‘पीछे!’ ते ऐकलं की हातात काय आहे ते बघायचं नाही. मुरिंगच्या आधी सगळ्यांनी तो एकदा मोठ्यानं म्हणायचा, शाळेतल्या प्रार्थनेसारखा. पहिल्यांदा लोक हसले. मला मुंबई गोदीतले जुने शब्द आठवले. क्रेनखाली अजून कुठं कुठं ऐकू येतात: ‘हाबेस’ म्हणजे उचल, ‘आरिया’ म्हणजे खाली सोड. घरी कुणी पोराला ‘आरिया’ म्हणत नाही. रोजच्या जिभेवर नसलेला शब्द म्हणूनच डेकवर एकच अर्थ घेऊन येतो.

राहिलेले दिवस

शिकाऊ खलाशाला पहाऱ्याचं प्रमाणपत्र मिळायला समुद्रावरचे सहा महिने लागतात. याचे तीन आठवडे कमी होते. कंपनीला त्याला घरी पाठवणं सोपं होतं. तो कॅप्टनच्या केबिनबाहेर एका पायावर उभा राहिला, मला घेऊन. ‘बोसन साब, तुम्ही बोला.’ किनाऱ्यावरच्या डॉक्टरनं एक्स-रे काढला, पट्टी बांधली, हलकं काम चालेल असं लिहून दिलं. गोण्या उतरवायला असंही बरेच दिवस लागणार होते. कॅप्टननं ठेवून घेतलं.

ते बरोबर होतं का, मला सांगता येत नाही. पाय सुजलेला, जिना चढताना कठड्याला लोंबकळायचा. दुसरीकडं, घरी गेला असता तर पुढचं जहाज मिळायला किती महिने लागले असते, आणि मधे तो बेलापूरवाल्यासारखा कुणी भेटला असता. गॅंगवेवर, म्हणजे जहाजाच्या शिडीपाशी, खुर्ची टाकून त्यानं येणाऱ्या जाणाऱ्यांची वही लिहिली. वेळ मिळाला की जवळ बसून स्प्लाइस करायचा, म्हणजे दोराच्या लडी एकमेकांत विणायचा. मी नवे स्टॉपर त्याच्याकडूनच करून घेतले, सात. त्यातला पहिला मी ओढून पाहिला तेव्हा तो माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘घसरणार नाय, काका.’

आता तो एबी आहे, टँकरवर. तो चेपलेला बूट माझ्याकडं राहिला. आमच्या संस्थेतल्या नकली मुरिंग डेकवरच्या टेबलावर असतो. मी मुलांना आधी काही सांगत नाही. सुटत्या दोराशी उभं करतो, भार थोडाच ठेवतो, आणि मधेच ‘पीछे’ ओरडतो. किनाऱ्याच्या पोरांचे हात हमखास आधी पुढं जातात. दहा दहा वेळा करून घ्यावं लागतं. टार बुकात आता मी मुरिंगपुढं लगेच सही करू नका असं मुलांच्या वरिष्ठांना कळवायला सांगतो. किती जण ऐकतात देव जाणे.

प्रकरणातला एक भाग अजून सांगायचा राहिला. पुढच्या वर्षी जुलैत, मासेमारी बंदीच्या दिवसांत, मी हर्णैला गेलो होतो. पोराच्या घरी गेलो. बाप पडवीत जाळं दुरुस्त करत बसलेला. चहा झाला. मी ठरवून गेलो होतो की आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची, आणि सांगितली: स्टॉपरवर कुणी उभं केलं, काय ओरडलो, बूट कसा गेला. तो सुई चालवत ऐकत होता. झाल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग मान वर न करता त्यानं विचारलं,

‘पन दोर सोडलान नाय ना त्यानं, आपनहून?’

मी म्हटलं, ‘नाही.’

त्यानं मान हलवली आणि जाळ्याचा पुढचा डोळा घेतला.